शनिवारचं भजन आणि माझं मशीन

माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य खोटं बोलतो. "मला तर सगळं ऐकू येते, लोकच आजकाल हळू बोलून राहिले." हे वाक्य मी मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, बुंदेलीत ऐकलं. एका रिटायर्ड हेडमास्तरांनी ते मला तीन वेळा ठासून सांगितलं आणि मग टेबलावर खणखणत असलेल्या माझ्या फोनकडे बोट दाखवून विचारलं, "हा बंद पडला आहे का?"

मी कानाच्या मशिनी बसवते. जबलपूरच्या बडा फुहारा बाजाराच्या गर्दीत, कापडाच्या एका दुकानावर, उभा जिना चढून गेलं की माझी दोन खोल्यांची जागा. म्हाताऱ्या लोकांसाठी इतका उभा जिना काहून, असं सगळे विचारतात. मी सांगते, वर येईपर्यंत दम लागतो, मग दुसरं वाक्य तरी खरं निघतं. खरं कारण एवढंच की खालची जागा मिळाली नाही. लोक मला "कानवाली दीदी" म्हणतात आणि मला ते आवडतं. माझ्या नवऱ्याला नाही आवडत, तो मॅडम म्हणा म्हणतो. स्वतः मात्र म्हणत नाही.

संपादकांनी आठवणी लिहा म्हटलं तेव्हा मी म्हटलं, माझी मराठी जबलपूरची आहे, मधे मधे हिंदी येईल, आणि मी सुरुवातीपासून सगळं सांगत बसणार नाही. कोणत्या साली शिकले, कोणत्या डॉक्टरकडे किती वर्षं काढली, याच्यात कोणाला रस आहे? कामाचं सांगते.

काम असं. आतल्या खोलीत एक छोटी बंद पेटी आहे, माणूस बसेल एवढी, भिंतींना जाड गादी लावलेली. त्यात माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. मी बाहेरून बारीक, जाड, हळू, मोठे आवाज पाठवते. ऐकू आला की बटण दाबायचं. त्यावरून कागदावर एक रेघ निघते. बहुतेकांची रेघ डावीकडे बरी असते आणि उजवीकडे धाडकन खाली पडते. म्हणजे जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. "ऊ" ऐकू येतो, "स" येत नाही. मग सून "सासूबाई" म्हणते आणि सासूबाईंना फक्त मधलं काहीतरी ऐकू येतं, आणि त्या म्हणतात, आजकाल मान राहिला नाही.

त्यानंतर कानात मऊ मसाला भरून साचा घ्यायचा. मग मशीन लॅपटॉपला जोडून कोणता आवाज किती वर उचलायचा ते ठरवायचं. इथे खरं डोकं लागतं. चष्मा लावला की माणसाला दिसतं, आणि तो खुश होऊन घरी जातो. मशीन लावलं की पहिले आठ दिवस माणूस मला शिव्या देतो. ताट ठेवल्याचा आवाज, पेपरचं पान उलटल्याचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज, सगळं डोक्यात घुसतं. आठ दिवसांनी फोन येतो, "दीदी, नळ गळून राहिला होता, सहा महिने कोणाला माहीतच नव्हतं." हा फोन आला की त्या दिवशी मी दोन चहा जास्त पिते.

माझ्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, माणसाला माणसाचं बोलणं ऐकू आलं की आपलं काम झालं. मी तेच धरून चालले. मशीन बनवणारेही तेच धरून चालतात, सगळ्या मशिनी बोलणं ऐकायसाठीच बनतात. आणि गाण्याशी माझा तसाही संबंध नाही. आमच्या घरी आरतीच्या वेळी मला घंटा देतात, कारण घंटेला सूर लागत नाही. तेव्हा कान म्हणजे बोलणं ऐकायचं साधन, याच्यावर माझा पक्का विश्वास होता. गिऱ्हाइकं मला वेगळं सांगून राहिली होती, पण मी लक्ष देत नव्हते.

जवळच्या पनागर गावाहून भाजी विकायला येणारी एक बाई होती, सत्तरीची. तिच्या मुलानं तिला आणलं. मी मशीन लावलं आणि नेहमीसारखं विचारलं, "अम्मा, अब किसकी बात सुननी है सबसे पहले? बेटे की, बहू की?" तिनं हात झटकला. म्हणाली, "बातें तो भौत सुन लईं बाई. हमें तो भुजरियों के गीत सुनने हैं." श्रावणाच्या शेवटी टोपलीत गव्हाचे कोंब वाढवून तळ्यात सोडायला नेतात, तेव्हा बायका जी गाणी म्हणतात, ती. चार वर्षं ती बायकांबरोबर नुसती ओठ हलवत चालली होती. "मुंह चलत रहो, पर हम उनमें नईं थे," ती म्हणाली. मला हे ऐकून हसू आलं, खरं सांगते. वाटलं, बघा, मुलगा समोर उभा आहे आणि हिला गाणी पाहिजेत.

दुसरा एक धुमाल पार्टीतला पोरगा, पंचवीस-सव्वीसचा. धुमाल म्हणजे मिरवणुकीत ट्रकवर ड्रम, ढोल, कॅसिओ चढवून छाती हादरेपर्यंत वाजवणारी पार्टी. दुर्गा विसर्जनाला त्यांच्याशिवाय जबलपूरचं पान हलत नाही. याच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजत होती. मी सांगितलं, मशीन नंतर, आधी वाजवताना कानात बोळे घाल, नाहीतर तिशीला बहिरा होशील. तो म्हणाला, "दीदी, प्लग लगाके बजाऊंगा तो पार्टीवाले बोलेंगे, ये अपना आदमी नहीं है." मी त्याला खूप बोलले. कान जास्त की पार्टी जास्त, विचारलं. त्यानं जराही वेळ न घेता सांगितलं, पार्टी.

मला राग आला की मी काम सोडत नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याला फोन करून त्याच्या पूर्ण पार्टीला बोलावलं. चौदा जण त्या जिन्यावरून वर आले, खालचा कापडवाला भांडण झालं समजून मागे आला. त्यांचे टी-शर्ट नारिंगी होते. मी नारिंगी रंगाचे बोळे मागवले आणि चौदाही जणांचे साचे घेतले. आता ती पार्टी विसर्जनाला निघाली की अठ्ठावीस नारिंगी कान दिसतात, आणि दुसऱ्या पार्टीचे पोरं मला येऊन विचारतात, "दीदी, हमको हरे में मिलेगा?" याचा मला फार अभिमान आहे. पण हे मी युक्ती म्हणून केलं. त्या पोरानं मला जे सांगितलं होतं, ते तेव्हाही मला कळलं नव्हतं. ते भोयर काकांनी शिकवलं, आणि फार उशिरा.

भोयर काका रांझीकडचे, शहराच्या टोकाला असलेल्या फॅक्टरीवाल्यांच्या वस्तीतले. फॅक्टरीत प्रेसच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. लोखंडावर लोखंड आपटण्याच्या जागी आयुष्य गेलं की कानाचं काय होतं, ते सांगायला नको. त्यांच्याबरोबरचे कितीतरी जण वऱ्हाडातून, भंडाऱ्याकडून असेच नोकरीला आले आणि इथेच घरं बांधून राहिले. घरात मराठी, गल्लीत हिंदी. नातवंडांना मराठी समजते, उत्तर हिंदीत येते. या सगळ्यांचं एक शनिवारचं भजन होतं, खंजिरीचं. खंजिरी म्हणजे हातात मावेल एवढं चामडं मढवलेलं कडं, बाजूला झांजेच्या चकत्या. एक जण पुढं म्हणतो, बाकीचे तीच ओळ मागं म्हणतात. त्यांचा एक नियम होता: मागच्यानं पुढच्याच्या आधी तोंड उघडायचं नाही, आणि पुढचा म्हणेल तसंच म्हणायचं. चाळीस वर्षं पुढं म्हणणारे होते भोयर काका. वस्तीत नवीन मराठी कुटुंब आलं तर गाव-आडनाव नंतर, आधी विचारायचे, "शनिवारी येता का?"

काकांना त्यांचा मुलगा घेऊन आला. सोबत काकू. मी माझ्याकडचं सगळ्यात चांगलं मशीन लावलं, दोन्ही कानांना. काकू त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. मी खूण केली, बोला काहीतरी. त्या हळूच म्हणाल्या, "अजी, चाय घेता का?" काका मागं न पाहता म्हणाले, "घेतो ना." काकूंनी पदर तोंडाला लावला. मुलगा खिडकीकडे जाऊन उभा राहिला. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्याला ही गोष्ट तीन वेळा सांगितली, आणि चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो उठून गेला.

दीड महिन्यानं काका एकटे आले. दुपारची वेळ, बाकावर तीन जण बसले होते, माझा डबा अर्धा उघडलेला. काका खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, मशीन लय चांगली हाय," ते म्हणाले. "पन मीच बिघडलो."

"काय झालं?"

"पेटीचा सूर मले हलताना आयकू येते. मी त्याच्यामागं जातो त तो आनखी हलते. चाळीस सालात असं झालं नाई."

पेटी म्हणजे हार्मोनियम. इतकं स्वच्छ सांगितलं त्या माणसानं. काय होतं, कधी होतं, कसं होतं. डॉक्टरला याच्यापेक्षा चांगला पेशंट मिळत नाही. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काकाजी, वय झालं की सूर जातो. बोलणं ऐकू येते ना? मग झालं तर."

 काका म्हणाले, "होय ना. बोलनं आयकू येते." उठले, नमस्कार केला आणि भिंतीला हात लावत जिना उतरून गेले. मी डबा खाल्ला. त्या दिवशी त्या खोलीत खरी बहिरी मी होते, आणि हे मला आठ महिन्यांनी कळलं.

आठ महिन्यांनी रज्जाक चाचा आले. चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. वय काकांएवढंच, पण स्वभाव उलटा. त्यांना मी तेच मशीन लावलं होतं. ते जिन्यावरूनच बोलत आले.

"मैडम, अपनी मशीन को तमीज सिखाइए. मेरे क्लैरनेट को सीटी समझती है."

मी माझं ठरलेलं वाक्य काढलं. "चाचा, उमर के साथ सुर थोड़ा..."

"उमर मेरी हुई है," चाचा म्हणाले, "क्लैरनेट की नहीं हुई." आणि त्यांनी पिशवीतून क्लॅरनेट काढून जोडायला घेतलं. मी म्हटलं, चाचा, इथे नको, बाहेर पेशंट आहेत. ते म्हणाले, ठीक आहे, त्यांनाही ऐकू दे. मग कानातलं मशीन काढून माझ्या हातात ठेवलं. "आप सुनिए. आप कान की डॉक्टर हैं, आप खुद सुनिए."

मी डॉक्टर नाही, पण ते असो. आमच्याकडे स्टेथोस्कोपसारखी एक नळी असते. मशीन तिला लावलं की त्याच्यातून जे निघतं ते आपल्याला ऐकता येतं. मी ती रोज वापरते, पण नेहमी स्वतःच "एक, दो, तीन" बोलून बघते. गाणं कधी ऐकलं नव्हतं. मी नळी कानाला लावली. चाचांनी एक सूर धरला, लांब, सरळ. माझ्यासारख्या घंटा वाजवणारीलाही कळेल इतका सरळ. दोन क्षण नळीत तो तसाच आला. आणि मग हलायला लागला. थरथरला, खाली गेला, वर आला, पुन्हा थरथरला. मी नळी काढली. खोलीत सूर सरळ. नळी लावली. सूर हलतो.

"अब बोलिए," चाचा म्हणाले.

मला सगळं एकदम कळलं. मशीन कानात नीट बसलं नाही की शिट्टी मारतं, तुम्ही ती म्हाताऱ्या लोकांजवळ ऐकली असेल. ती बंद करायला नव्या मशीनमध्ये एक सोय असते. लांब, सरळ, एकसारखा आवाज आला की मशीन समजतं ही माझीच शिट्टी, आणि त्याला मोडायला लागतं. बोलण्यात लांब सरळ आवाज नसतोच, म्हणून काही बिघडत नाही. पण क्लॅरनेट? आणि पेटी? भात्यात हवा भरून एक पट्टी दाबून धरली की त्याच्याहून लांब आणि सरळ दुसरं काय असतं?

"भोयर काका," मी मोठ्यानं म्हटलं.

"रज्जाक," चाचा म्हणाले. "रज्जाक नाम है मेरा."

मी त्यांना मिठी मारायची बाकी ठेवली होती. तिथल्या तिथे त्यांच्या मशीनमध्ये एक वेगळा खाना, म्हणजे प्रोग्रॅम, बनवला, बटण दाबलं की शिट्टी मोडायची सोय बंद. चाचांनी मशीन घातलं, पुन्हा सूर धरला, आणि डोळे मिटून सरळ एक आख्खी चीज वाजवली. खालचे कापडवाले, त्यांची गिऱ्हाइकं, बाकावरचे पेशंट, सगळे दारात. एका बाईच्या हातात अर्धा फाडलेला ब्लाउज पीस होता. मला आनंद झाला होता आणि शरमही वाटत होती, दोन्ही एकदम. चाचांना कोणी "वय झालं" म्हटलं की ते भांडायला उठतात. काकांनी माझं ऐकलं होतं. ते मला मोठी समजले.

मी काकूंना फोन केला. म्हटलं, मशीन बघायला शनिवारी येते, भजनाच्या वेळी.

"ये ना पोरी," काकू म्हणाल्या. "पन भजन नाई होत आता."

"काहून?"

"ये. आली म्हंजे पाहशील."

शनिवारी पाच वाजता लॅपटॉप, तारा, साचे सगळं घेऊन मी ऑटोनं रांझीला गेले. व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली. नऊ म्हातारे बसलेले. पेटी मधे ठेवलेली, पण खोळीत. दोघांच्या मांडीवर खंजिऱ्या, नुसत्या. चहा चालला होता. गुडघ्यांचं बोलणं, कोणाच्या नातवाच्या परीक्षेचं बोलणं. काका त्यांच्यात नव्हते. ते आतल्या खोलीत दार लोटून पेपर वाचून राहिले होते.

पेटी वाजवणारे राऊत काका म्हणून होते, त्यांच्याजवळ मी बसले. विचारलं, "भजन केव्हा?"

"नाई करत," ते म्हणाले. "भोयरनं सोडलं ना. आठ महिने झाले."

"पण तुम्ही नऊ जण आहात की."

"आमी मागचे होत," राऊत काका म्हणाले. ते मला मूर्ख समजून समजावून सांगत होते. "पुढचं कोन म्हनन?"

"मग जमता कशाला?"

त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "शनिवार हाय," ते म्हणाले.

आठ महिने हे नऊ जण दर शनिवारी येत होते, सतरंजीवर बसत होते, खंजिरी मांडीवर घेऊन चहा पीत होते आणि सात वाजता उठून घरी जात होते. मी हळू आवाजात विचारलं, काकांचा सूर हलतो हे तुम्हाला कळलं होतं का?

"पह्यल्याच शनिवारी कळलं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगून काय करनार?" राऊत काका म्हणाले. "त्यानं म्हनलं तसं आमी म्हनलं. तो खाली गेला त आमी खाली गेलो. तो वर गेला त वर. मी पेटी बंद करून देत जाओ, म्हंजे तिचं अन् त्याचं भांडन नको. पन त्याले समजलंच. म्हने, माह्यापाई तुमी सारे बेसूर होऊन राहिले, मी नाई म्हनत आता."

 मी उठून आत गेले.

काकांनी पेपर बाजूला ठेवला. "या मॅडम. मशीन बरोबर चालून राहिली."

मी त्यांच्या समोर खाली बसले. "काका, ती बरोबर चालत नव्हती. पेटी तुम्हाला हलताना ऐकू येत होती ना? पेटी मशीन हलवत होतं. तुम्ही नाही. तुमचा सूर कुठेच गेला नव्हता. तुम्ही मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी म्हटलं वय झालं. ते चूक होतं. माझी चूक होती."

 काकांनी पेपरची घडी केली. ती पुन्हा उघडून पुन्हा केली.

"मंग हे आठ महिने?" ते म्हणाले.

  मी म्हटलं, "मला माफ करा काका."  मग म्हटलं, मशीन द्या, दहा मिनिटांत दुरुस्त करते, मग पेटी ऐका. त्यांनी मान हलवली. नको.

"अन् तवा बी हललं त?" ते म्हणाले. "आता निदान मले वाटते का मशीन होती. दुरुस्त करून बी हललं त मंग मीच उरतो ना बाई."

दारात काकू उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "नोका येऊ. मी राऊत भाऊजीले सांगते पुढचं म्हना म्हनून. त्याहिचा आवाज तुमाले मालूम हाय."

काका काकूंकडे पाहत राहिले. मग त्यांनी एक हात कानाकडे नेला, मशीन काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. दुसरंही दिलं.

व्हरांड्यात सतरंजीवरच मी लॅपटॉप मांडला. नऊ म्हातारे गोल करून त्यात डोकावून पाहत होते. मी शिट्टी मोडायची सोय बंद केली आणि मशीन काकांच्या कानात घातलं, तर त्यानं अशी शिट्टी मारली की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. सगळे हसले. काका हसले नाहीत. मग मी बारीक आवाज थोडे खाली आणले, साचा कानात दाबून बसवला, पुन्हा थोडे खाली आणले. शिट्टी थांबली. बोलण्यासाठी हे काही उत्तम नव्हतं. माझ्या शिकवणाऱ्या बाईंनी पाहिलं असतं तर नापास केलं असतं. मी काकांना बटण दाखवलं: एकदा दाबलं की बोलायचं, दुसऱ्यांदा दाबलं की भजनाचं.

"पेटी काढा," मी राऊत काकांना म्हटलं.

त्यांनी खोळ काढली. भाता उघडला तर धुळीचा वास आला. त्यांनी एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली.

काकांनी डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते.  सूर चाललाच होता.

"धर," काका म्हणाले.

राऊत काका भाता मारत राहिले.

"आनखी धर."

राऊत काकांचा हात दुखायला लागला होता, त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवलं, पण बोट सोडलं नाही. काकू दारात उभ्या, दोन्ही हातांनी चौकट धरलेली. कोणीही हललं नाही.

"सरळ हाय," काका म्हणाले.

आणि कोणाला सावरायला वेळ न देता त्यांनी म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ. आवाज जुना, खरखरीत, आठ महिने न वापरलेला. सुरात होता की नव्हता, मला कळत नाही, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण काकूंचा हात चौकटीवरून खाली आला आणि त्यांनी डोळे मिटले, तेव्हा मी समजले की सुरात होता. मी उड्या मारायचीच बाकी होते. मी लॅपटॉपचं झाकण घट्ट धरून बसले.

ओळ संपली. काका थांबले. आता मागच्यांनी झेलायची.

कोणीच झेलली नाही. नऊच्या नऊ जण नुसते बसलेले. कोणी खाली पाहत होता, एकानं खंजिरी तोंडाशी धरली होती. काकांनी डोळे उघडले. त्यांचा हात कानाकडे जायला लागला, आणि मी मनात म्हटलं, नको, काका, नको.

मग राऊत काकांनी सुरू केलं. त्यांच्या मागे एक, मग दोन, मग सगळे. फाटक्या, थरथरत्या आवाजात, कोणी पुढे, कोणी मागे, एकाला खोकला आला तरी तो म्हणतच राहिला. काका मान एका बाजूला करून ऐकत होते. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांना हे नऊ आवाज वेगळे वेगळे ऐकू येत होते. मशीनच्याही आधीपासून, प्रेसनं कान खाल्ले तेव्हापासून त्यांनी ते ऐकले नसतील. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

ओळ संपायच्या आत त्यांनी हात वर केला. सगळे थांबले.

"राऊत," काका म्हणाले, "तू कोठी जाऊन राहिला? अन् वानखडे, तू अर्धी ओळ खाऊन टाकली. मागच्या कोपऱ्यात कोन हाय, खाली म्हनून राहिला तो?" त्यांनी डोळे पुसले. "चाळीस साल शिकवलं अन् हे? इतकं बेसूर भजन मी माह्या तेरवीले बी म्हनू देनार नाई. परत घ्या."

 राऊत काका रडत होते आणि हसत होते, आणि त्यांनी भात्यात पुन्हा हवा भरली.

"म्हन ना भाऊ," ते म्हणाले. "तू पुढं म्हन. आमी हाओत मागं."